गरम चाक, खारे पाणी

मित्रांनो, चाकाचे पोवाडे तुम्ही पुष्कळ ऐकले असतील. चाकाने म्हणे मानवाला संस्कृती दिली. हे ज्यांनी लिहिले त्यांनी जन्मात एकही चाक उघडून पाहिले नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो. पाहिले असते तर त्यांना मी दिसलो असतो. तुमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला जो तुंबा असतो, ज्यात आरे रोवतात आणि ज्याच्या पोटातून आख जातो, तोच मोटारीच्या चाकात मी. मला हब म्हणतात. मी एक जुना, गंजलेला, आता कसल्याही उपयोगाचा न उरलेला हब आहे. एका पांढऱ्या यूटच्या पुढच्या डाव्या चाकात माझे आयुष्य गेले. यूट म्हणजे पुढे माणसांची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी.

माणसांची मला किळस येते. आत्मवृत्ताच्या आरंभी असे म्हणणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. परंतु ज्याच्या पोटात वर्षानुवर्षे सडके वंगण भरले गेले, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड झाल्यावर लेथवर चढवले, आणि एका अबोल कारागिराने माझे पोट इतके नेमके कातले की केसाइतकाही फरक त्याने खपवून घेतला नाही. त्या पोटात दोन बेअरिंगे बसवली, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. बेअरिंग म्हणजे तिरक्या पोलादी रोलरांची माळ. ही माळ ज्या कड्यावर फिरते त्या कड्याला कप म्हणतात, आणि तो कप माझ्या पोटात ठोकून घट्ट बसवलेला असतो. रोलर आणि कप यांचा संसार एकत्र असतो. ते एकमेकांना घासून झिजतात आणि जायचे तेव्हा दोघे बरोबर जातात. जुन्या कपात नवे रोलर घालणे म्हणजे जात्याची खालची तळी फुटकी ठेवून वरची तेवढी नवी आणणे. पीठ मिळत नाही, खडे मिळतात. हे वाक्य लक्षात ठेवा. ज्याने ते लक्षात ठेवायला हवे होते त्याने ठेवले नाही.

माझा पहिला मालक क्लॅरी टिलब्रूक. गाव वॅरिलो बे, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. एक पब, एक धक्का आणि गव्हाची कोठारे, एवढाच त्याचा पसारा. तिथला उपसागर इतका उथळ आहे की बोट तरंगवायची तर ट्रेलरवर ठेवून, गाडीने तिला ओढत पार आत न्यावे लागते. चारही चाके पाण्यात जातात तेव्हा कुठे बोटीखाली पुरेसे पाणी येते. तिथे मासे धरायला जाणारा प्रत्येक जण आपली गाडी समुद्रात घालतो. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

क्लॅरी मात्र पाण्याच्या काठाशी थांबत असे. स्टोव्ह पेटवायचा, डब्यात चहा उकळायचा, आणि वाळूवर बसून तो सावकाश प्यायचा. बाकीच्यांच्या बोटी पुढे निघून जात.

"क्लॅरी, तुझा चहा होईपर्यंत मासे म्हातारे होतील रे!" कोणीतरी ओरडे.

"होऊ देत. म्हातारे झाले की चावा जोरात घेता येत नाही त्यांना," क्लॅरी म्हणे आणि फुंकर मारत दुसरा घोट घेई.

चहा संपला की तो माझ्यापाशी येऊन वाके, हाताची मागची बाजू माझ्यावर टेकवे, आणि म्हणे, "चला." मग आम्ही पाण्यात जात असू.

यात गूढ काही नाही. धावून आलेला हब तापलेला असतो आणि त्याच्या पोटातली हवा फुगलेली असते. तसाच तो थंड पाण्यात घातला की हवा आकसते, आणि आकसताना बाहेरचे पाणी रबरी सीलच्या कडेने आत ओढून घेते. तहानलेला माणूस पितो तसा गरम हब समुद्र पितो. निवलेल्या हबला तहान नसते. क्लॅरीचा चहा म्हणजे माझा निवण्याचा वेळ होता. त्याखेरीज तो दर हिवाळ्यात अंगणात गाडी उचलून मला उघडी, रॉकेलने धुई, तळहातावर वंगणाचा गोळा घेऊन एकेका रोलरच्या फटीत दाबून भरी, आणि चाक हाताने फिरवून कान देऊन ऐके. इतक्या आदराने माझ्याशी पुन्हा कोणी वागले नाही.

पण क्लॅरीचाही एक गुन्हा आहे आणि तो मी लपवणार नाही. कारण त्याने कोणालाच सांगितले नाही. जे त्याला उघड दिसत होते ते इतरांनाही दिसतच असेल, असे तो धरून चालला. सज्जनांचा हा आळस फार महाग पडतो.

क्लॅरी गेला. यूट आणि बोट त्याच्या मुलाकडे, डॅरिलकडे आली. आणि मासेमारी क्लबने क्लॅरीच्या स्मरणार्थ एक विधी सुरू केला. ईस्टरच्या सुमारास स्पर्धा होते. त्या सकाळी क्लॅरीची बायको नोलीन एक कप चहा वाळूवर ओतते, मंडळी टोप्या काढतात, क्लबचा अध्यक्ष नेव्हिल भरल्या गळ्याने म्हणतो, "आपला क्लॅरी गेला, पण त्याचा चहा राहिला!" आणि शिट्टी फुंकतो. शिट्टी वाजताच सगळ्या गाड्या तापल्या चाकांनिशी, एकमेकींना कापत, समुद्रात घुसतात.

मित्रांनो, तुम्ही हसलात. हसू नका. चहा ठेवला, थांबणे टाकून दिले, आणि टाकून दिल्याचा सोहळा केला. धर्मांच्या इतिहासात याहून वेगळे फारसे काही सापडत नाही. तुमच्या घरातही असा एखादा चहा ओतला जात असेल. तो शोधून पाहा.

डॅरिलला थांबणे ठाऊकच नव्हते. डांबरी रस्त्यावरून सुसाट यायचे आणि तसेच पाण्यात उतरायचे. पहिल्याच दिवशी माझ्या पोटात खारे पाणी आले. मधासारखे वंगण हळूहळू ताकासारखे झाले. ते फाटले, आंबले, त्याला कुजक्या शिंपल्यांचा वास येऊ लागला. ज्या कपांवर आरशासारखी झळाळी होती तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. माझ्या आत एक डबके साचले आणि त्या डबक्यात मी दिवसरात्र फिरत राहिलो. वर्षे गेली. मला एकदाही कोणी उघडले नाही. बोट मात्र दर रविवारी धुतली जाई, पुसली जाई, आणि तिचे फोटो काढले जात.

मग मी आवाज करू लागलो. हबला तेवढी एकच भाषा येते. आधी गुणगुण, मग घुरघुर.

तो आवाज प्रथम ऐकला डॅरिलच्या बायकोने, ग्लेनिसने. ती गव्हाच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते. दिवसभर ट्रक तिच्यासमोरून जातात, त्यामुळे कान तयार झालेला. आणि ही यूट आठवड्यातून तीनदा तीच चालवी. नोलीनच्या किडन्या थकल्या होत्या. एक दिवसाआड तिला मोठ्या गावच्या इस्पितळात डायलिसिसला न्यावे लागे. रस्ता लांबचा, बस नाही, आणि घरात दुसरी गाडी नाही. नोलीन डाव्या बाजूला बसे, बरोबर माझ्या वर. तिचे जगणे शब्दशः माझ्यावर टेकलेले होते. हे मला ठाऊक होते, ग्लेनिसला ठाऊक होते. ज्याची ती आई होती त्याला ते जाणवत असल्याचे कोणतेही चिन्ह मला दिसले नाही.

"डॅरिल, पुढचं डावं चाक घुरघुरतंय," ग्लेनिस अंगणात म्हणाली.

"रस्ता खडबडीत आहे तो."

"रस्ता उजवीकडं वळताना ओरडतो आणि डावीकडं वळताना गप्प बसतो होय?"

"टायरचा असेल. काही होत नाही गं."

काही होत नाही. या तीन शब्दांवर त्या किनाऱ्याचा सारा व्यवहार चालतो. छप्पर गळते, काही होत नाही. दोर कुजला, काही होत नाही. आणि खरेच बहुतेक वेळा काही होत नाही, हीच त्यातली खरी विषारी गोष्ट आहे.

व्हरांड्यातून नोलीन म्हणाली, "पोरी, किती मागं लागशील त्याच्या? करेल तो. बापाचा हात आहे त्याच्याकडे."

बापाचा हात! मी त्या दोन्ही हातांना ओळखत होतो.

शेवटी ग्लेनिसनेच मोठ्या गावातून बेअरिंगांचा संच आणला. दोन्ही बेअरिंगे, त्यांचे कप, नवे सील, नट अडवून ठेवणारी पत्र्याची नवी चकती, आणि वंगणाचा डबा. "गॅरेजमध्ये देऊ या," ती म्हणाली. डॅरिलला ते लागले. "घरच्या गाडीचं चाक खोलायला मी गॅरेजात जाऊ? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ही भीती फक्त तुमच्याकडेच आहे, असे समजू नका.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गाडी जॅकवर चढली. डॅरिलचा मित्र म्हणून नेव्हिल हजर होता. त्याचे काम बीअर पिणे आणि मोबाइल धरणे. मोबाइलमध्ये एक हसरा माणूस स्वच्छ टेबलावर स्वच्छ हब उघडत होता.

"बघ नेव्ह, किती सोपं आहे. पोरंसुद्धा करतील."

"त्याचा हब तुझ्यासारखा घाण नाही पण," नेव्हिल माझ्याकडे पाहून म्हणाला आणि त्याने नाक दाबले. "काय मेलंय काय आत?"

मी उघडलो गेलो. आतले ते राखाडी, फेसाळ, कुबट वास मारणारे द्रव्य जमिनीवर ठिबकले. मित्रांनो, दुसऱ्याच्या घाणीची किळस सर्वांना येते. ही घाण आपलीच आहे हे ओळखायला शिक्षण लागते. डॅरिलने बोट घालून थोडे पुसले आणि बोट पँटला पुसले. धुणे नाही, रॉकेल नाही. जुन्या चिंधीने एक हात फिरवला. त्या चिंधीत वाळू होती. ती मला बरोबर कळली.

"व्हिडिओत तो कप ठोकून बाहेर काढतोय," नेव्हिल म्हणाला. "आपण काढायचे का?"

"बघू." डॅरिलने जुन्या कपावरून बोट फिरवले. "चांगले आहेत की. थोडे खरखरीत लागतात फक्त."

"खड्डे आहेत रे लेका."

"रोलर नवे आहेत ना? ते घासून घासून सरळ करतील. आणि कप काढायला पितळेची कांडी लागते, ती बाबांनी कुठं ठेवलीय देव जाणे."

ती कांडी त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होती. त्याने मान वर केली असती तर दिसली असती. त्याने बीअर वर केली.

नवे रोलर जुन्या, व्रणांनी भरलेल्या कपांत बसले. नवे वंगण जुन्या घाणीवर फासले गेले. सील हातोडीने ठोकताना तिरके बसले. पत्र्याची नवी चकती कुठेतरी घरंगळली, म्हणून जुनीच ठोकून सरळ केली आणि पुन्हा वाकवली. शेवटी नट. हा नट कसायचा, चाक फिरवायचे, नट सैल करायचा, आणि मग बोटांच्या अंदाजाने बसवायचा, कारण रोलरांना श्वास घ्यायला जागा लागते. डॅरिलने पान्याला लांब पाइप अडकवला आणि त्यावर आपले सगळे वजन टाकले.

"घट्ट म्हणजे पक्कं!" तो म्हणाला.

ग्लेनिस संध्याकाळी कामावरून आली. तिने खोके उचलून पाहिले. आत तेलकट कागदात गुंडाळलेली दोन चकचकीत कडी होती.

"हे काय उरलं?"

"जास्तीचे असतात ते."

"जास्तीचे कप? कोण देतं?"

"कंपनी देते. हरवले बिरवले तर असावेत म्हणून."

"माझ्या ट्रेलरच्या वेळेलापण उरले होते," नेव्हिल मोठ्या विश्वासाने म्हणाला.

ग्लेनिस त्या दोघांकडे बघत राहिली. "डॅरिल, हे उघड परत. आत्ता."

व्हरांड्यातून आवाज आला, "ग्लेनिस, उगाच फौजदार होऊ नकोस. दिवसभर खपलाय माझा पोरगा."

"नोलीन, तू बसणार आहेस त्यात."

"मग? माझ्या पोरानं केलेल्या गाडीत मी नाही बसायचं, तर कुणाच्या बसू?"

यावर सून काय बोलणार? तिने खोके खाली ठेवले. डॅरिलने एक नवा कप टेबलावर ठेवला, त्यात बीअरचा डबा उभा केला, आणि डबा कसा फिट बसतो हे नेव्हिलला दाखवले.

त्यानंतर मी काही दिवस गप्प होतो. नवे रोलर सुरुवातीला आवाज करत नाहीत. डॅरिल पबमध्ये सांगत सुटला. लोकांनी त्याची पाठ थोपटली. बायका उगाच घाबरतात, यावर एकमत झाले. आत खड्ड्यांवर नवे पोलाद आपटत होते, वाळू दळली जात होती, आणि पाइपने आवळलेला नट सगळ्यांचा गळा दाबत होता. वरून शांतता आहे म्हणून आत दुरुस्ती झाली असे मानणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत नाही. मूर्ख माणूस निदान विचारतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नोलीनची डायलिसिसची पाळी होती. सकाळी आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर वंगण वितळून सीलच्या तिरक्या कडेने गळू लागले आणि तापलेल्या ब्रेकवर पडून जळू लागले.

"काहीतरी जळतंय," ग्लेनिस म्हणाली.

"शेतात कोणी पाचोळा पेटवला असेल. चल तू. उशीर झाला तर ती नर्स तोंड वाकडं करते."

ग्लेनिसने वाटेतल्या दुसऱ्या एका गावच्या कोठारांपाशी गाडी बाजूला घेतली, उतरली, बोट ओले करून मला लावले. चर्र झाले.

"नोलीन, खाली उतर. पुढं नाही जायचं."

"काय झालं?"

"बेअरिंग जळतंय. चाक निघेल."

"डॅरिलनं कालपरवा तर नवं घातलंय!"

"म्हणूनच म्हणते, उतर."

"तुला त्याचं काहीच पटत नाही, ग्लेनिस. लग्नाच्या दिवसापासून बघतेय मी." नोलीनने बैठकीचा पट्टा धरून ठेवला. "ते मशीन चुकलं तर माझ्या अंगात पाणी चढतं, ठाऊक आहे ना? छातीत चढतं. मागल्या वेळेला काय झालं होतं?"

"ठाऊक आहे. रात्रभर मीच बसले होते तुझ्याजवळ." ग्लेनिसने दार उघडून हात पुढे केला. "मशीनपर्यंत नेते मी तुला. यातून नाही, एवढंच."

गव्हाचा एक ट्रक थांबला. उंच पायऱ्या. सुया टोचून टोचून दोरखंडासारखा गाठाळ झालेला हात सांभाळत नोलीन कशीबशी वर चढली. ग्लेनिस तिच्यामागे. ट्रक गेला. म्हातारीचे प्राण त्या दिवशी एका अनोळखी ट्रकवाल्याने पोहोचवले, मी नव्हे. मी रस्त्याच्या कडेला धुमसत पडलो होतो.

दुपारी डॅरिल आणि नेव्हिल मला न्यायला आले. तोवर मी निवलो होतो. डॅरिलने माझ्यावर हात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यावर जो विजय उमटला तो मी विसरणार नाही.

"थंडगार! हात लावून बघ नेव्ह. थंडगार आहे."

"मग जळत काय होतं म्हणे?"

"तिचं डोकं!"

दोघे पोट धरून हसले. नट सैल केला नाही, टोपण काढून आत पाहिले नाही. ते मला हळूहळू घरी घेऊन गेले, कारण उद्या स्पर्धा होती. मासे वाट पाहणार नव्हते.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर सारे गाव जमले. सॉसेज भाजले जात होते. नोलीन आली होती. आदल्या दिवसाच्या थकव्याने तिचा चेहरा मेणासारखा दिसत होता. तरी तिने चहा ओतला. टोप्या निघाल्या. नेव्हिलने आपले वाक्य म्हटले. शिट्टी वाजली.

आम्ही धावलो. पाण्यात शिरताच तापलेल्या मला एकदम थंडी भरली आणि मी कधी नव्हे इतका समुद्र प्यालो. आतला रोलर माझ्या पोटातून जाणाऱ्या दांड्यावर जागीच अडकला. ज्याच्यावर सगळे टिकून होते त्या जुन्या चकतीचे वाकवलेले कान तुटले. नट फिरला. मी, माझे चाक, माझे टायर, आम्ही सगळे गाडीतून निघून पुढे गेलो. गाडी मागे तोंडावर बसली.

आयुष्यात पहिल्यांदाच मी मोकळा धावलो. फार नाही. पाण्यात डुगडुगत थोडा पुढे गेलो आणि आडवा झालो. माझे पोट आभाळाकडे उघडे पडले.

बोट गाडीवर तिरकी झाली होती. भरती येत होती. लोक ओरडत होते, काही हसत होते. क्लबचा ट्रॅक्टर आणायला माणसे धावली आणि पाणी इंजिनापर्यंत चढण्याआधी गाडी ओढली गेली, एवढे तिचे नशीब. मला ग्लेनिसने पाण्यातून लोळवत लोळवत बाहेर आणले आणि वाळूवर टाकले. डॅरिल कमरेपर्यंत भिजून उभा होता.

"बेअरिंगच भिकार!" तो म्हणाला. "नवी कोरी! काय माल बनवतात हल्ली!"

"हल्ली सगळा मालच तसला," नेव्हिलने दुजोरा दिला. "आणि तो हब बघ. सडका. नशीब तुझं वाईट, डॅरिल."

भोवतीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. नशीब, माल, हब. दोषींची यादी पूर्ण झाली.

नोलीन हळूहळू चालत माझ्यापाशी आली. गुडघ्यावर हात टेकून वाकली. तिने माझ्या पोटात बोट घातले, कपावरून फिरवले, आणि थांबली. बोटाला काळा, चरचरीत चिखल लागला होता.

"ग्लेनिस, त्या दिवशी खोक्यात जे उरलं होतं, ते कुठलं?"

"हे काढून त्या जागी घालायचे होते ते."

नोलीनने पुन्हा एकदा कपावरून बोट फिरवले. लाटेचे पाणी तिच्या बुटांपर्यंत येऊन गेले.

"क्लॅरी रोज हात लावायचा चाकाला," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुत्र्याला थोपटतात तसं लाडानं."

"आई, तू काळजी करू नकोस," डॅरिल पुढे येत म्हणाला. "सोमवारच्या पाळीच्या आत उभी करतो मी गाडी. तुला वेळेवर पोहोचवतो की नाही बघ."

"नाही."

"काय नाही?"

"तू हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही, डॅरिल."

डॅरिलने हसून नेव्हिलकडे पाहिले. नेव्हिल टोपीची किनार तपासत होता. डॅरिलने दुसऱ्या कोणाकडे तरी पाहिले. कोणी हसले नाही.

"आई, सगळ्यांसमोर..."

"पबमध्ये मिरवलंस ते सगळ्यांसमोरच ना? मग हेही ऐक." तिला धाप लागत होती, पण ती थांबली नाही. "मी तुझी बाजू घेतली. दर वेळेला घेतली. हिला गप्प बसवलं. माझ्या अंगात सुया खुपसतात ती माणसं आधी हात धुतात रे. दर वेळेला धुतात. ती माझी कोणी नाहीत." तिने ते काळे बोट त्याच्यापुढे धरले. "आणि तू माझा मुलगा आहेस."

ती वळली आणि ग्लेनिसचा हात धरून वाळूवरून चालू लागली.

त्याच दुपारी, दुकान बंद होण्याआधी, ग्लेनिसने शेजाऱ्याची गाडी मागून मोठ्या गावातून बेअरिंगांचा दुसरा संच आणला. एका शेतकऱ्याच्या कुंपणाशी तसलीच एक मोडकी यूट वर्षानुवर्षे पडून होती. तिच्यातून चांगला हब मिळाला, आणि माझ्यामुळे खरवडल्या गेलेल्या दांड्याच्या जागी दुसरा दांडाही मिळाला. रविवारी तिने शेड झाडली. टेबलावर स्वच्छ कापड अंथरले. फळीवरून पितळेची कांडी काढली आणि जुने कप एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, हळूहळू ठोकत बाहेर काढले. नवे कप बसवताना ती प्रत्येक ठोक्याचा आवाज ऐकत होती. कप तळाशी टेकला की बोदा आवाज खणखणीत होतो. तिने तोवर ठोकले आणि मग थांबली. हे सगळे मी शेडच्या कोपऱ्यातून, भंगाराच्या ढिगावरून पाहत होतो.

केव्हातरी डॅरिल दारात येऊन उभा राहिला.

"ग्लेन," तो म्हणाला. "ते कप... बाहेर कसे येतात?"

तिने वर पाहिले नाही. "इथं बस. हात नको लावूस. बघ."

तो बसला. चाळिशी उलटलेल्या माणसाने आयुष्यातला पहिला प्रामाणिक प्रश्न विचारला म्हणून मी गहिवरलो असेन, असे तुम्हाला वाटत असेल. मी गहिवरलो नाही. तो प्रश्न पाइप लावण्याआधी विचारायचा असतो.

सोमवारी सकाळी नोलीन काठी टेकत शेडमध्ये आली. गाडी चार चाकांवर उभी होती. ती डाव्या दाराशी थांबली.

"तू केलंस?"

"हो," ग्लेनिस म्हणाली.

"सगळं बदललंस? काही उरलं नाही ना?"

"काही उरलं नाही."

नोलीनने दार उघडले आणि आत बसली. डॅरिल फाटकापाशी उभा होता. त्याने फाटक उघडून धरले. आईने त्याच्याकडे पाहिले. गाडी बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

मित्रांनो, माझी जागा घेतलेला तो हब आता तिथे फिरत असेल. मी त्याचा हेवा करत नाही. तुमच्याकडे माझे मागणे एकच आहे आणि ते मी हात जोडून मागत नाही, कारण मला हात नाहीत आणि तुमच्याविषयी फारसा आदरही उरलेला नाही. जे काम तुम्हाला येत नाही ते येत नाही म्हणा. मोठ्याने म्हणा, मित्रांसमोर म्हणा. त्याने तुमची मान खाली गेली तर जाऊ द्या. तुमच्या शेजारच्या बैठकीवर कोणीतरी पट्टा बांधून, खिडकीबाहेर पाहत, तुमच्यावर विश्वास टाकून बसलेले असते.